रंजक्याच्या दिवशीचे काका

दोन हिरव्या मिरच्या चिरायच्या असल्या तरी काका आधी चष्मा बदलायचे. नाकावरचा रोजचा चष्मा काढून फ्रिजवर ठेवायचे आणि खिळ्याला अडकवलेला, दोन्ही बाजूंनी बंद असलेला कारखान्यातला जाड गॉगल चढवायचे. मग रबरी हातमोजे. मग कात्री. मिरचीला त्यांनी सुरी लावलेली मी कधीच पाहिली नाही. "सुरीनं चिरली की रस उडतो. कात्रीनं थेट भांड्यात कापायची, म्हणजे ती बिचारी जागच्या जागी राहते," असं ते म्हणायचे.

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते अवधपुरीतल्या त्यांच्या घरातल्या माझ्या पहिल्याच सकाळी. मी पांढुर्ण्याजवळच्या गावातून भोपाळला कॉलेजला आले होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेलं माझ्याआधी कोणी नव्हतं, त्यामुळे भाड्याच्या खोलीत कसं राहायचं, सकाळी उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला जायचं की बोलावेपर्यंत थांबायचं, हेही मला कोणी सांगितलेलं नव्हतं. मी हळूच डोकावले, तर आत गॉगल आणि हातमोजे घातलेला एक उंच माणूस कात्री घेऊन उभा. मी दारातच थिजले. मागून काकूंचा आवाज आला.

"घाबरू नकोस गं. पोहे करतायत. पोहे झाले की माणसात येतात."

आमच्याकडे आई पाट्यावर मिरची उघड्या हातानं वाटायची. हात जळायला लागले की ताकाच्या भांड्यात बोटं बुडवून बसायची आणि तसंच आमच्याशी गप्पा मारायची. त्याला कोणी त्रास म्हणत नसे. मिरची आहे म्हटल्यावर जळणारच. मिरचीपासून वाचता येतं, हेच मला काकांकडे कळलं.

काका जवळच्या मोठ्या सरकारी कारखान्याच्या सुरक्षा विभागातून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी लोकांना हेल्मेट घाला, बूट घाला, मशीनमध्ये हात घालू नका, हे सांगण्यात गेली. निवृत्तीनंतर सांगायला कोणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, असं काकू म्हणायच्या. "तिकडे सगळा कारखाना होता ऐकायला. इथे मी एकटी. आता तू आलीस, बरं झालं. अर्धं तू ऐक."

मी मात्र सगळंच ऐकायचे. मला खरंच आवडायचं. मिरचीचं भांडं वेगळं, त्याला कडेनं लाल टेप. अख्खी मिरची चीर दिल्याशिवाय तेलात सोडायची नाही. "चीर नसेल तर ती बॉम्ब आहे, बॉम्ब! आतली वाफ जाणार कुठे?" मिक्सर थांबला की झाकण लगेच उघडायचं नाही. आत उडालेलं सगळं खाली बसू द्यायचं, मग भांडं खिडकीपाशी न्यायचं आणि तोंड फिरवून उघडायचं. हात धुताना आधी तेल, मग साबण, मग पाणी. "मिरचीचं तिखट पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. नुसतं पाणी घेतलंस की ते हातभर पसरतं आणि तुला वाटतं हात धुतले!" आणि शेवटी जिभेची परीक्षा. धुतलेलं एकेक बोट जिभेच्या टोकाला लावून बघायचं. चुरचुरलं की पुन्हा तेलापासून सुरुवात.

ही परीक्षा पास होईपर्यंत काकांचे दोन्ही हात खांद्याच्या वर असायचे. कशालाही लागायला नकोत म्हणून. एकदा असेच हात वर करून ते घरात फिरत असताना बेल वाजली. मी दार उघडलं. बाहेर पार्सलवाला. त्यानं आत पाहिलं, तर गॉगल लावलेले, हात वर केलेले काका. त्या माणसानं पार्सल खाली ठेवलं आणि आपलेही दोन्ही हात वर केले.

"अरे भैया, कुछ नहीं, मिर्ची काटी है," काका म्हणाले. "साइन मॅडम करेंगी."

"जाने दो, अंकल, मेरे पास कुछ नहीं है," तो म्हणाला. काकू हसून हसून सोफ्यावर बसल्या. त्यांना सही करायलाही उठता येईना, मग मीच केली. त्या घरातली ती माझी पहिली सही.

त्यांचा सगळ्यात मोठा नियम 'रुको'चा. कारखान्यात नाना प्रांतांची माणसं, म्हणून शब्द हिंदी. कोणालाही काही चुकताना दिसलं की त्यानं 'रुको' म्हणून ओरडायचं. अगदी काल कामावर लागलेल्या माणसानंसुद्धा. आणि ऐकणाऱ्यानं, तो कितीही मोठा साहेब असो, आधी थांबायचं आणि मग का ते विचारायचं. काकांच्या अंगात हे इतकं भिनलं होतं की घरातही कोणी 'रुको' म्हटलं की ते होते तसे पुतळा व्हायचे. काकू याचा पुरेपूर फायदा घ्यायच्या. काकांचा हात तिसऱ्या लाडवाकडे गेला की त्या आतल्या खोलीतून नुसत्या अंदाजानं ओरडायच्या, "रुको!" आणि काका डब्यावर हात ठेवून थांबायचे.

मला मात्र ते जमायचं नाही. मला मोठ्या आवाजात काहीच जमायचं नाही. वर्गात सरांनी फळ्यावर चूक लिहिलेली मला दिसायची, तरी मी गप्प बसायचे. कोणी दुसऱ्यानं सांगितलं की बरं वाटायचं आणि वाईटही वाटायचं. काकांना हे कळल्यावर त्यांनी मला बाल्कनीत उभं केलं.

"म्हण. रुको!"

"रुको ना, काका."

"'ना' कशाला? मशीन काय तुझी मावशी आहे?"

"रुको."

"हे मी शेजारी उभा राहून ऐकलं म्हणून कळलं. पुन्हा!"

खालून कोणीतरी वर पाहिलं आणि मी आत पळाले. असं बरेचदा झालं. त्यांनी नाद सोडला नाही आणि माझा आवाज काही निघाला नाही.

हसण्यासारखं सगळंच होतं, पण एक गोष्ट काका हसत सांगायचे नाहीत. ते नुकते नोकरीला लागले होते तेव्हा या शहरात गॅस पसरला होता. आधी लोकांना वाटलं की शेजारी कोणीतरी मिरच्या जाळतंय. काका एवढंच म्हणाले. पुढे म्हणाले, "तेव्हापासून कोणाचे डोळे चुरचुरले की मला हसू येत नाही, बाळ." आणि मला कढीपत्ता आणायला पाठवलं. त्यानंतर ते कधी त्याविषयी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

आता रंजक्याविषयी. दर जानेवारीत काकांचा भाचा नागपूरजवळच्या भिवापूरकडून ताज्या लाल मिरचीचं पोतं रेल्वेनं धाडायचा, आणि काकू त्याचा रंजका करायच्या. ओली लाल मिरची, लसूण, मीठ, लिंबाचा रस, जरा मेथी. भरड वाटायचं, वर हिंगाची फोडणी गार करून ओतायची. वर्षभराचा साठा. भोपाळमध्ये राहून त्यांच्या घराला आलेला नागपूरचा वास म्हणजे तो रंजका, असं मला वाटायचं.

एका जानेवारीत पोतं आणायला काकांनी मला सोबत नेलं. स्टेशनचं नाव बदलून बराच काळ झाला, पण काकांसाठी ते हबीबगंजच होतं. परतताना पोतं त्यांनी ऑटोत दोन्ही गुडघ्यांमध्ये धरलं. पोत्यातून असा काही ताजा, ओला, झणझणीत वास येत होता की माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि नाकालाही. ऑटोवाला शिंकला. पुन्हा शिंकला.

"अंकल, इसमें है क्या?"

"लाल मिर्च. गड्ढे बचाके चलाओ."

"मिर्ची ही तो है अंकल, अंडे थोड़ी हैं!"

"फट गई ना, तो तुम ऑटो छोड़के भागोगे," काका गंभीरपणे म्हणाले. ऑटोवाल्यानं त्यानंतर एकेक खड्डा चुकवला.

पण त्या वर्षी एक अडचण होती. पोतं यायच्या थोडेच दिवस आधी काकूंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यांच्या दुसऱ्या डोळ्याला लहानपणापासूनच फार कमी दिसायचं. म्हणजे जे काही दिसणार ते याच डोळ्यानं. डॉक्टरांनी बजावलं होतं की डोळा चोळायचा नाही, पाणी जाऊ द्यायचं नाही, धूर, धूळ, तिखट याच्या जवळ फिरकायचं नाही, आणि दिवसातून अनेकदा औषधाचे थेंब. थेंब काका स्वतः टाकायचे. मोबाईलला अलार्म लावून. ऑपरेशनसाठी पुण्याहून मुलगी येऊन गेली, तिलाही त्यांनी बाटलीला हात लावू दिला नाही. आधी काकूंची खालची पापणी बोटानं अलगद ओढून डोळा नीट बघायचे, मग बाटली उघडायचे. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे काही असायचं ते मी आमच्या घरात कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. मी दुसरीकडे बघायचे.

"यंदा पोतं वाटून टाकू," काका म्हणाले. "कॉलनीत कोणीही घेईल."

"काहून?" काळा चष्मा लावून पडलेल्या काकू उठून बसल्या. "एक वर्ष रंजक्याशिवाय? मग डोळा बरा करून बघू काय मी, तुमचं तोंड?"

"अगं पण करणार कोण?"

"तुम्ही. आणि ही. मी इथून सांगते."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी एवढ्या जोरात मान डोलावली की त्यांना नाही म्हणता येईना.

त्या रविवारची तयारी काय सांगू! काकूंची खोली बंद. दाराच्या खालच्या फटीत ओला टॉवेल. स्वयंपाकघराच्या खिडक्या सताड उघड्या, एक्झॉस्ट सुरू, टेबलफॅन बाहेरच्या दिशेला तोंड करून. मला काकांनी पोहण्याचा निळा गॉगल आणला होता. तोंडाला ओला रुमाल. आम्ही दोघं समोरासमोर उभे राहिलो आणि मला इतकं हसू आलं की गॉगलवर वाफ धरली.

मी देठं काढत होते, काका कात्रीनं तुकडे करत होते. लालभडक ढीग वाढत होता. मग मिक्सर. त्याच्या घरघरीतूनही बंद दाराआडून काकूंचा आवाज स्पष्ट यायचा.

"लसूण घातला का?"

"घातला!"

"मीठ?"

"किती घालू?"

"हाताला येईल तेवढं!"

"हातात ग्लोव्ह आहे, मला काही कळत नाही!"

"मग पोरीला विचारा!"

"तिच्याही हातात ग्लोव्ह आहे!"

"देवा रे," काकू म्हणाल्या, "कारखाना चालवला म्हणे यांनी."

पहिलं भांडं खिडकीपाशी नेऊन काकांनी तोंड फिरवून उघडलं तेव्हा समोरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणाऱ्या बाई दोनदा शिंकून आत गेल्या. काका आनंदानं म्हणाले, "जमला! जमला बहुतेक!" मी असे काका कधी पाहिले नव्हते. पातेल्यात दोन्ही हात घालून ते रंजका कालवत होते, हातमोजे मनगटापर्यंत लाल झाले होते आणि ते गुणगुणत होते.

तेवढ्यात ओट्यावर ठेवलेला मोबाईल वाजला. थेंबांची वेळ.

काकांनी हातमोज्याच्या बोटानं स्क्रीनवर घासलं. रबराच्या बोटाला स्क्रीन दाद देईना. पुन्हा घासलं. शेवटी त्यांनी बाजूचं बटण दाबलं, तेव्हा तो गप्प झाला. मग त्यांनी हातमोजे आतून बाहेर उलटे करत काढले, तेल चोळलं, साबण लावला, पाणी घेतलं, स्वच्छ नॅपकिननं हात पुसले आणि दहाही बोटं जिभेला लावून बघितली. "पास!" त्यांनी मला हात दाखवले. "बघ, एवढं केलं की भीती नाही." इतक्यात मोबाईल परत वाजायला लागला. "अरे हो रे बाबा, येतोय," म्हणत त्यांनी तो उचलला, अंगठ्यानं बंद केला, खिशात टाकला आणि ते काकूंच्या खोलीत गेले. ओला टॉवेल पायानं बाजूला सरकवून, दार अगदी हळू उघडून.

मी ओटा पुसायला घेतला. मोबाईल ठेवला होता तिथे ओट्यावर त्याच्याच लांबीची एक लाल ओली रेघ होती. रेघेत मिरचीचं एक बी. मी फडकं फिरवलं, ते बी फडक्यावर आलं, आणि मी त्याच्याकडे बघत राहिले. बटण. ग्लोव्ह. स्क्रीन. मग अंगठा.

मी धावले. खोलीत काकू उशीवर मान मागे टाकून, काळा चष्मा काढून पडल्या होत्या. काका वाकले होते. त्यांचं बोट काकूंच्या खालच्या पापणीकडे चाललं होतं.

"रुको!"

मला आजही तो आवाज माझा वाटत नाही. काका होते तसे थांबले. बोट काकूंच्या गालापासून थोडंसं वर, हवेत. का, कशासाठी, काही विचारलं नाही. फक्त थांबले.

"आता कोणी लाडू घेतला?" छताकडे बघत काकू म्हणाल्या.

"काका," मी म्हणाले, "मोबाईल."

एवढंच. पण काकांना कळलं. त्यांनी ते बोट जिभेच्या टोकाला लावलं. मग त्यांचा चेहरा उतरला. ते मागे सरकले, सरकत भिंतीला टेकले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. या वेळी कोणाला हसू आलं नाही.

"काय झालं, कोणी सांगाल का मला?"

मी सांगितलं. ग्लोव्हचं तिखट मोबाईलला, मोबाईलचं काकांच्या बोटांना. "बरं," काकू म्हणाल्या. "मग थेंब कोण टाकतंय? डोळा उघडा ठेवून मान अवघडली माझी."

भिंतीपासून काका म्हणाले, "तू टाक, बाळ. हात धू. तेल आधी." मी हातमोजे काढून हात धुतले. त्यांनी पुन्हा धुवायला लावले. मी पुन्हा धुतले. प्रत्येक बोट जिभेला लावलं. मग स्टुलावरची बाटली घेतली आणि वरूनच दाबली, तर पहिला थेंब गालावर गेला.

"गालाला मोतीबिंदू नाही गं झालेला," काकू म्हणाल्या.

"वरून नको, जवळून. पापणीला टेकवू नकोस. हां. आता," काका भिंतीपासून सांगत होते. दुसरा थेंब डोळ्यात पडला.

रंजक्याचं उरलेलं काम आम्ही संपवलं. आतून काकू विचारत राहिल्या, "फोडणी गार झाली का? मग ओता ना!" उत्तरं मीच दिली. काकांनी मोबाईल तेलाच्या बोळ्यानं पुसला, मग साबणाच्या फडक्यानं, मग पुन्हा तेलानं. बरण्या भरल्या. एवढा सुरेख रंग आला होता आणि ते त्याच्याकडे बघतही नव्हते. शेवटी म्हणाले, "यापुढे थेंब तूच टाकत जा. मी नाही टाकणार."

 दुपारभर काका बाल्कनीत बसून होते. मी दोनदा चहा विचारायला गेले आणि न विचारताच परत आले. मला वाटत होतं, मी काहीतरी वाचवलं आणि त्याच वेळी काहीतरी मोडलंही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा अलार्म वाजला. काका जागचे हलले नाहीत. "वेळ झाली, बाळ," एवढंच म्हणाले. मी हात धुऊन काकूंच्या खोलीत गेले. काकूंनी मला पाहिलं आणि डोळा मिटून घेतला.

"यांना बोलाव."

"ते म्हणतात, मी टाकू."

"अहो!" काकूंनी हाक मारली. काका दारात आले, पण उंबऱ्याच्या आत येईनात.

"टाकू दे ना तिला. माझा हात आज..."

"तुमच्या हाताचं मी विचारत नाही. मला एक सांगा. कारखान्यात कोणी 'रुको' म्हटलं की तुम्ही मशीन थांबवायचे. मग काय करायचे? भंगारात द्यायचे?"

काका चौकटीला टेकले.

"काय करायचे?"

"तपासायचो," काका म्हणाले.

"आणि?"

"चालू करायचो."

"मग तपासा आणि चालू करा. मी डोळा उघडणार नाही तोवर."

काका नळापाशी गेले. तेल, साबण, पाणी. मी दारातून बघत होते. एकेक बोट जिभेला लावलं, मग सगळी पुन्हा एकदा लावली. मोबाईलकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, मीच तो दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला होता. ते पलंगापाशी आले आणि मला म्हणाले, "तू इथे उभी राहा. माझ्या हाताकडे बघ. काही दिसलं तर..."

"ओरडेन," मी म्हणाले.

काकूंनी डोळा उघडला. काकांनी बोटानं पापणी ओढली, बराच वेळ डोळा पाहिला, मग बाटली घेतली.  थेंब सरळ डोळ्यात पडला. काकूंनी डोळा मिटला, आणि काकांचा इतका वेळ अडकलेला श्वास मला ऐकू आला.

"गार लागलं," काकू म्हणाल्या. मग मिटल्या डोळ्यांनीच माझ्याकडे वळून, "जा गं, एक भाकरी टाक. आणि बरणी उघड."

"अगं, डॉक्टरांनी तिखट जवळ आणू नका म्हटलंय!" काका ओरडले. त्यांचा नेहमीचा आवाज परत आला होता.

"डोळ्याजवळ," काकू म्हणाल्या. "तोंडाचं ते काही बोलले नाहीत."